करंगळीखालचे कुलूप

संगणकाच्या कळफलकावर डाव्या बाजूला, 'ए' ह्या अक्षराला अगदी खेटून, एक लांबट कळ असते. तिच्यावर 'कॅप्स लॉक' असे लिहिलेले असते. ती एकदा दाबली की पुढची सारी रोमन अक्षरे मोठ्या वळणाची उमटू लागतात आणि ती पुन्हा दाबीपर्यंत उमटतच राहतात. मुद्दाम म्हणून ती दाबणारी माणसे थोडी. चुकून दाबली गेली म्हणून चडफडणारी पुष्कळ. नजर हातातल्या कागदावर असते, करंगळी जराशी घसरते, आणि दोन ओळी झाल्यावर मान वर करून पाहावे तो सगळा मजकूर डोळे वटारून उभा! परवलीचा शब्द लिहिताना तर तेवढेही कळत नाही. तिथे अक्षरांच्या जागी काळे ठिपके पडतात, आणि ठिपक्यांत लहानमोठे असा भेद नसतो.

एका शाळेच्या कचेरीत दहावीचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी घडलेला प्रकार मी स्वतः पाहिला आहे. तिथल्या लेखनिकबाई परवलीचा शब्द अचूक लिहीत होत्या, आणि यंत्र तो नाकारीत होते. पाचव्या खेपेला खाते आपोआप बंद झाले. बाईंच्या कपाळावर घाम, दाराशी पालकांची रांग, आणि चाळीसएक मुलांचे अर्ज आत अडकलेले. शेवटी शुल्काची पावती न्यायला आलेला एक मुलगा वाकून म्हणाला, "बाई, तो बघा दिवा लागलाय." कोपऱ्यातला तो हिरवा दिवा, हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान, कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. संध्याकाळी खाते उघडले आणि अर्ज गेले. पण एवढा अनर्थ करू शकणारी ही कळ तिथे बसवली कुणी, आणि कशासाठी, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात जो शिरला तो निघेना. शोध घेऊ लागलो तेव्हा त्या कळीमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास निघाला. आणि तो मला मोठा मौजेचा वाटला.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देवनागरीला हा लहानमोठेपणा ठाऊकच नाही. रामाचा 'रा' आणि रानातला 'रा' एकच. राजा असो की रंक, त्याच्या नावाचे पहिले अक्षर आपण फुगवून लिहीत नाही. रोमन लिपीत मात्र प्रत्येक अक्षराची दोन रूपे. वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामाच्या आरंभी मोठे रूप, एरवी लहान. इंग्रजी छापखान्यांत हे खिळे दोन वेगवेगळ्या खणांच्या पेट्यांत ठेवलेले असत. पेटीला म्हणायचे 'केस'. हा शब्द आपल्याकडच्या जुन्या जुळाऱ्यांनाही परिचित आहे. मोठ्या अक्षरांची पेटी वर, लहान अक्षरांची खाली. त्यावरूनच मोठ्या अक्षरांना 'अपर केस' आणि लहान अक्षरांना 'लोअर केस' ही नावे पडली. छापखान्यातल्या त्या उतरत्या मेजांना जग विसरले. नावे तेवढी राहिली.

छापखान्यात जुळाऱ्याने हात वर नेला की मोठे अक्षर मिळे. प्रश्न आला तो टंकयंत्राच्या वेळी. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी ख्रिस्तोफर लॅथम शोल्स नावाचा एक गृहस्थ होता. मूळचा मुद्रक, पुढे वृत्तपत्राचा संपादक. कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युएल सोल ह्या सोबत्यांसह त्याने १८६८ मध्ये आपल्या लेखनयंत्राचे एकस्व घेतले. पुढे हे यंत्र न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावच्या रेमिंग्टन कारखान्यात तयार होऊ लागले. रेमिंग्टन कंपनी बंदुका करी आणि शिवणयंत्रेही करी; म्हणून १८७४ मध्ये बाजारात आलेले पहिले टंकयंत्र अगदी शिवणयंत्रासारखे दिसे. अंगावर रंगीत फुले रंगवलेली, आणि ओळ संपली की कागदाचा गाडा परत आणण्यासाठी खाली पायटा! किंमत १२५ डॉलर. मात्र ह्या यंत्राला लहान अक्षरे मुळी येतच नव्हती. जे लिहाल ते मोठ्या अक्षरांत. प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन याने त्याच वर्षी हौसेने ते यंत्र घेतले आणि डिसेंबरात आपल्या भावाला त्यावर पत्र लिहिले. ते सबंध पत्र मोठ्या अक्षरांत आहे. त्यात त्याचा दोष नव्हता. यंत्राला दुसरे काही येतच नव्हते.

चार वर्षांनी, १८७८ मध्ये, रेमिंग्टनचे दुसरे यंत्र आले आणि त्याने हा प्रश्न सोडवला. प्रत्येक दांडीच्या टोकाला एकाऐवजी दोन अक्षरे कोरली, एक लहान व एक मोठे. आणि एक कळ दाबली की कागदाचा सबंध गाडाच जागचा हलावा व दुसरे अक्षर कागदासमोर यावे, अशी योजना केली. गाडा सरकवायचा म्हणून ती कळ 'शिफ्ट'. आज संगणकात सरकायला काही उरलेले नाही, तरी नाव तेच.

सर्वांना ही युक्ती पटली असे मात्र नाही. कॅलिग्राफ आणि स्मिथ प्रीमियर ही प्रतिस्पर्धी यंत्रे दुहेरी कळफलकाची होती. लहान अक्षरांना निराळ्या कळा, मोठ्या अक्षरांना निराळ्या. त्यांचे म्हणणे असे की, एका अक्षराला एक कळ हा सरळ हिशेब सोडून दोन-दोन कळा एकदम दाबायच्या कशाला? ह्या वादाचा एक गाजलेला सामना २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी शहरात झाला. एका बाजूला सॉल्ट लेक सिटीच्या न्यायालयातला लघुलेखक फ्रँक मॅकगरिन. तो रेमिंग्टनवर, कळफलकाकडे न पाहता, सर्व बोटांनी लिही. दुसऱ्या बाजूला लुई ट्राउब, कॅलिग्राफच्या दुहेरी कळफलकावर. मॅकगरिन स्पष्टपणे जिंकला. न पाहता लिहिण्याच्या विद्येला त्या दिवसापासून प्रतिष्ठा आली. आणि न पाहता लिहायचे तर कळा थोड्या हव्यात, म्हणजेच शिफ्ट हवी, हेही हळूहळू ठरून गेले. दुहेरी कळफलक पुढे नाहीसे झाले.

पण शिफ्टचे दुःख करंगळीला. मजकुराचा मथळा सगळा मोठ्या अक्षरांत लिहायचा तर शिफ्ट सतत दाबून धरायची, आणि त्या यंत्रांत गाड्याचे वजन काही थोडेथोडके नसे. सगळ्यांत अशक्त बोटावर सगळ्यांत जड काम! म्हणून 'शिफ्ट लॉक' आले, म्हणजे शिफ्टला लावायचे कुलूप. ते दाबले की शिफ्ट खाली अडकून राही, आणि शिफ्टला पुन्हा एक टोला दिला की सुटे. आपल्याकडच्या टंकलेखनाच्या वर्गांत मुलामुलींच्या पिढ्यान् पिढ्या हीच क्रिया शिकल्या. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकयंत्रे करायला घेतली, त्यांचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. ह्या अर्धशतकात कचेऱ्यांतून जे अगणित मथळे लिहिले गेले ते ह्याच कुलुपाच्या जोरावर.

इथे जरा थांबून एक बारकावा पाहण्याजोगा आहे, कारण पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ मला तिथेच दिसते. टंकयंत्रावरचे कुलूप चुकून लागले तरी लपून राहत नसे. गाडा वर गेल्याचा खट्ट आवाज होई. अडकलेली कळ बोटाला खोल लागे. आणि पुढचे मोठे अक्षर लिहायला सवयीने शिफ्ट दाबली की कुलूप आपोआप निघून जाई. लोखंडाचे वजनच लिहिणाऱ्याला सांगे की, बाबा रे, तू आता वरच्या मजल्यावर आहेस. संगणकाने हे वजन काढून टाकले आणि त्याच्या जागी एक दिवा दिला.

शिफ्ट लॉकचे कॅप्स लॉक केव्हा झाले, ह्याची हकीकत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला अभियंता डग्लस कर याने सांगितली आहे. गोष्ट १९६०च्या दशकातली. त्याच्या वरिष्ठांच्या लेखनिकबाई पत्ते लिहिताना शिफ्ट लॉक लावीत. अक्षरे ठीक येत. पण मध्ये घराचा क्रमांक आला की आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत. कुलूप लागले की आकड्यांच्या कळाही वरच्या मजल्यावर जात ना! बाई त्रासून जात. तेव्हा कर याला सुचले की केवळ अक्षरांना मोठे करील आणि आकड्यांना हात लावणार नाही अशी निराळी कळ असावी. विजेवर चालणाऱ्या कळफलकात हे शक्य होते, कारण तिथे लोखंडी गाडा उचलायचा नव्हता. आज ज्या कळीला आपण शिव्या देतो ती अशी एका स्त्रीचा रोजचा त्रास वाचवायला जन्मली, हे ध्यानात ठेवलेले बरे. मला तरी हे वाचल्यावर तिच्याबद्दलचा अर्धा राग गेला.

संगणकाच्या जगात मोठ्या अक्षरांची चलती असण्याला आणखीही कारण होते. तारायंत्राच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक अक्षर पाच खुणांनी पाठवीत. पाच खुणांचे मेळ बत्तीसच होतात. त्यांत सव्वीस अक्षरे बसवली की लहान अक्षरांना जागा कुठली? म्हणून तारा, आणि पुढे दूरमुद्रके, मोठ्या अक्षरांतच बोलत. १९६३ मध्ये आलेले 'टेलिटाइप ३३' हे यंत्र संगणकाला जोडण्यासाठी फार वापरले गेले. त्यालाही लहान अक्षर येत नसे. छिद्रपत्रे भोकणाऱ्या यंत्रांचीही तीच कथा, म्हणून १९५७ ची फोर्ट्रान ही संगणकभाषा आणि तिच्यामागून आलेली कोबोल ह्या मोठ्या अक्षरांत लिहिल्या जात. अमेरिकेने अक्षरांसाठी 'आस्की' नावाची प्रमाण संकेतावली १९६३ मध्ये ठरवली, तिच्यात आधी लहान अक्षरांना क्रमांक नव्हते. ते १९६७ मध्ये दिले गेले. मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, लहान 'ए'चा ९७. प्रत्येक जोडीत अंतर नेमके ३२ चे, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एकाच खुणेचा फरक. कॅप्स लॉक दाबले की आत बदलते ते एवढेच. एका खुणेचा फरक, आणि बाहेर एवढा गोंधळ!

ह्या तारायंत्री सवयीचे आयुष्यही किती चिवट! अमेरिकेच्या नौदलाने आपले संदेश सक्तीने मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत २०१३ मध्ये सोडली, आणि तिथल्या हवामान खात्याने ११ मे २०१६ पासून. वादळ येवो की ऊन पडो, तोवर सगळे भाकीत मोठ्या अक्षरांतच छापले जाई. दूरमुद्रके भंगारात गेली तरी. इकडे सामान्य पत्रव्यवहारात मोठ्या अक्षरांचा अर्थ पार बदलला होता. संगणकावरून पत्रे लिहिणाऱ्यांत मोठी अक्षरे म्हणजे ओरडणे असा संकेत रूढ झाला. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी एका आरोग्यसंस्थेतल्या हिशेबनीस बाईंना २००७ मध्ये नोकरीवरून काढले; त्यांच्यावरच्या आरोपांत असा एक होता की त्या मोठ्या, जाड, रंगीत अक्षरांत पत्रे लिहून सहकाऱ्यांत कलह माजवतात. बाई लवादाकडे गेल्या आणि २००९ मध्ये त्यांना सतरा हजार डॉलर भरपाई मिळाली. त्यांनी ते जाणूनबुजून केले होते, बोट घसरून नव्हे. पण घसरलेल्या बोटाचे पत्रही वाचणाऱ्याला तसेच ओरडल्यासारखे वाटते. त्याला कुठे दिसते बोट?

आता जागेचा प्रश्न. उपयोग कमी झालेल्या ह्या कळीला कळफलकावरची इतकी मोक्याची जागा कशी मिळाली? आरंभी ती तिथे नव्हती. १९७६ च्या 'एडीएम-३ए' ह्या प्रसिद्ध यंत्रावर 'ए'च्या शेजारी कंट्रोलची कळ होती. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपला पहिला घरगुती संगणक काढला तेव्हाही कंट्रोल तिथेच होती. कॅप्स लॉक बिचारे खाली, मधल्या लांब पट्टीच्या उजव्या हाताला. त्याला दिवादेखील नव्हता. तो १९८४ च्या पुढल्या यंत्रात आला. मग १९८६ च्या सुमारास त्याच कंपनीचा १०१ कळांचा नवा कळफलक सर्वत्र पसरला, आणि त्यात कॅप्स लॉक 'ए'च्या शेजारी आणून कंट्रोलला कोपऱ्यात धाडले. कारण उघड आहे. आयबीएमचे १९६१ पासूनचे विजेचे टंकयंत्र 'सिलेक्ट्रिक' कचेऱ्याकचेऱ्यांत होते, आणि त्यावर कुलपाची कळ नेमकी तिथे होती. टंकलेखक संगणकाकडे वळायचे तर त्यांची बोटे बिचकता कामा नयेत. बोटे बिचकली नाहीत. पण सिलेक्ट्रिक कधी पाहिलेही नाही अशा साऱ्या जगाच्या करंगळीखाली ते कुलूप कायमचे येऊन बसले. सगळ्या कंपन्यांनी तोच कळफलक उचलला. वर टॅब, खाली शिफ्ट, उजवीकडे 'ए': अशा तीन वर्दळीच्या कळांच्या मध्ये ती सापडली आहे. चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला धक्के लागणारच.

वर्गात मुलांकडे पाहताना माझ्या असे ध्यानात आले आहे की, ह्या अपघाताच्या दोन जाती आहेत. एक घसरणीची, दुसरी विसरण्याची. हल्लीची पुष्कळ मुले एकच मोठे अक्षर हवे असले तरी शिफ्ट वापरीत नाहीत. कॅप्स लॉक दाबतात, अक्षर लिहितात, पुन्हा कॅप्स लॉक दाबतात. कुणी शिकवले, देव जाणे. बहुधा भ्रमणध्वनीवर टिचकी मारण्याची सवय. त्यांतली दुसरी टिचकी राहून गेली की पुढचा परिच्छेद गेला! बोट घसरणाऱ्यावरचे औषध विसरणाऱ्याला लागू पडत नाही, आणि ह्याचे त्याला नाही.

विसरण्याविषयी शास्त्रज्ञांनी खरोखरच अभ्यास केला आहे. अ‍ॅबिगेल सेलन, गॉर्डन कुर्टनबाख व विल्यम बक्स्टन ह्या तिघांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, यंत्राची स्थिती पडद्यावर नुसती दाखवण्यापेक्षा माणसाला ती पायाने पट्टी दाबून धरायला लावली तर चुका कमी होतात. स्नायूंना ताण जाणवत असला की मन विसरत नाही. जेफ रॅस्किन ह्या संगणकतज्ज्ञाने २००० मधील आपल्या पुस्तकात ह्याच मुद्द्यावर शिफ्ट आणि कॅप्स लॉक ह्यांत भेद केला आहे: एक धरून ठेवायची कळ, दुसरी लावून विसरायची. आणि लॅरी टेस्लर म्हणून दुसरा एक तज्ज्ञ होता, २०२० मध्ये वारला. त्याला 'लावून विसरायच्या' सर्व प्रकारांचा इतका तिटकारा की त्याच्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरच 'नो मोड्स' असे लिहिलेले असे. जुन्या टंकयंत्राच्या वजनाने जे सहज साधले होते, ते पंडितांना पुन्हा सिद्ध करून दाखवावे लागले.

मग उपाय निघाले. अ‍ॅपलच्या जुन्या कळफलकांवर ही कळ दाबली की खालीच अडकून राही, अगदी शिफ्ट लॉकसारखी. बोट फिरवले की कळे. पुढे ते गेले, आणि २००७ च्या चपट्या कळफलकापासून त्या कंपनीने निराळी युक्ती केली. कळीला ओझरता स्पर्श झाला तर ती दादच देत नाही. लावायची तर क्षणभर रेंगाळून दाबावी लागते. बंद करायला मात्र नुसता स्पर्श पुरे. घसरणीवर ह्याहून सोज्ज्वळ उपाय मी पाहिला नाही. गरीब देशांतल्या मुलांसाठी २००७ मध्ये निघालेल्या हिरव्यापांढऱ्या छोट्या संगणकावर ती कळच ठेवली नव्हती. गूगलने २०१० च्या डिसेंबरात आपल्या नव्या जातीच्या संगणकावर तिच्या जागी शोध घेण्याची कळ बसवली. बेल्जियमचा पीटर हिंटजेन्स ह्याने तर २००६ मध्ये ही कळ कळफलकावरून हद्दपार करावी म्हणून चळवळच उभारली होती. कळ गेली नाही. फेसबुकने आणखी निराळा मार्ग धरला: परवलीचा शब्द नेमका उलट्या लहानमोठ्या अक्षरांत आला तर कॅप्स लॉक लागले असेल असे समजून ते तो मान्य करतात. माणसाला सुधारण्यापेक्षा समजून घेणे सोपे, असे त्यांना वाटले असावे.

घरच्या मेजावर विंडोजचा संगणक असेल त्यांनी काय करावे? पहिला उपाय ध्वनीचा. विंडोजच्या सुलभता-विभागात, कुलपाच्या कळा दाबल्यावर आवाज करण्याची सोय आहे. ती चालू केली की कॅप्स लॉक लागताच यंत्र टुं करते. ही सोय अपंगांसाठी केलेली, पण ती धडधाकटांच्याही कामी येते. घसरणीला आणि विसरण्याला, दोहोंना तिचा उपयोग. दुसरा उपाय मला विशेष आवडतो. भाषांच्या मांडणीत कळांविषयीचे एक पान असते. तिथे 'कॅप्स लॉक बंद करण्यासाठी शिफ्ट दाबा' असा पर्याय निवडता येतो. म्हणजे पुन्हा जुने टंकयंत्र! चुकून कुलूप लागले, तरी पुढच्या मोठ्या अक्षराला शिफ्ट दाबताच ते निघते. तिसरा उपाय कळच निकामी करण्याचा, किंवा तिला दुसऱ्या शिफ्टचे काम देण्याचा. मायक्रोसॉफ्टचेच 'पॉवरटॉइज' हे फुकट साधन ते करते. मात्र ते संगणक उघडल्यानंतर जागे होते, म्हणून आरंभीच्या परवलीच्या शब्दाच्या वेळी त्याचा उपयोग नाही, आणि खरी अडचण तर पुष्कळदा तिथेच. त्यासाठी विंडोजच्या नोंदवहीत कळांचा नकाशा बदलावा लागतो. ते काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे. अ‍ॅपलवर आणि लिनक्सवर ही अदलाबदल मांडणीतच मिळते. लिहिण्याच्या 'वर्ड' ह्या साधनात तर उलट लिहिला गेलेला शब्द ओळखून ते स्वतःच सरळ करते आणि कुलूपही काढते. आणि हे काहीच नको असेल तर कळीची टोपी बोटाने अलगद उपटून ठेवणारेही लोक आहेत. दिसायला तो पडलेल्या दातासारखा दिसतो, पण काम होते.

मात्र कळ समूळ काढावी ह्या मताचा मी नाही. ज्याला एकाच हाताने लिहावे लागते, किंवा तोंडात काडी धरून एकेक कळ दाबावी लागते, त्याने शिफ्ट धरून दुसरी कळ कशी दाबावी? त्याला हे कुलूपच आधार. फ्रान्सच्या कळफलकावर आकडे शिफ्टच्या मजल्यावर आहेत. तिथे विंडोजवर कॅप्स लॉक लावले की आकडे लिहिता येतात, म्हणून हिशेब लिहिणारे ते लावतात. एकाची अडगळ ती दुसऱ्याची कुबडी असते, आणि ती आगीत टाकण्यापूर्वी घरात कुणी लंगडा आहे का हे पाहावे.

देवनागरीला मोठी अक्षरे नाहीत, तरी आपण ह्या कळीच्या तावडीतून सुटलो असे कुणी समजू नये. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या 'आयट्रान्स'सारख्या पद्धतींत लहान 'टी' म्हणजे 'त' आणि मोठा 'टी' म्हणजे 'ट'; तसेच 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ'. तिथे कॅप्स लॉक लागले असताना 'नळ' लिहायला जावे तर 'णाला' उमटतो! आपल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टला मात्र फार सुंदर काम दिले आहे. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ख', 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ'. अल्पप्राणाच्या वरच्या मजल्यावर त्याचाच महाप्राण राहतो. रोमनमध्ये शिफ्टने अक्षराचा आकार फुगतो. आपल्याकडे त्यात श्वास भरतो. ही वाटणी करणाऱ्याला व्याकरण चांगले येत होते.

आणि कॅप्स लॉक? त्यालाही तिथे काम होते. कानपूरच्या आयआयटीत आरंभ होऊन १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेल्या 'जिस्ट' तंत्राच्या त्या काळात एकाच कळफलकावर इंग्रजी आणि भारतीय लिपी अशा दोन्ही लिहायच्या होत्या. दोहोंत बदल करण्यासाठी कळ हवी होती. आणि देवनागरीला मोठी अक्षरे नसल्यामुळे कॅप्स लॉक रिकामेच होते. तेव्हा तेच घेतले. ते दाबले की भारतीय लिपी, पुन्हा दाबले की इंग्रजी. आता विंडोजवर विंडोजची कळ आणि मधली लांब पट्टी एकत्र दाबून भाषा बदलतात, आणि कॅप्स लॉककडून ते काम गेले. पण जुन्या पद्धतीने शिकलेल्यांना त्या कळीवरचा दिवा लागला की पडद्यावर मराठी आली, एवढेच ठाऊक असे.